कुलूप निघाले, पण रोजकीर्द कोणाच्या हातात?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील नव्या बदलांविषयीचा लेख वाचला. इंटरप्रिटरचे, म्हणजे प्रोग्राम वाचून चालवणाऱ्या यंत्रणेचे, जुने कुलूप निघाल्यामुळे यापुढे प्रोग्राम संगणकाच्या सगळ्या कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र भागांवर, एकाच वेळी धावतील, असा त्याचा सूर आहे. मी नाशिकमध्ये संध्याकाळच्या वर्गात ही भाषा शिकवतो, आणि हे कुलूप आपल्या डेटाचे रक्षण करत होते हा गैरसमज मला जवळपास प्रत्येक तुकडीत भेटतो. लेखामुळे तो अधिक घट्ट होईल असे वाटले, म्हणून हे पत्र.

हे कुलूप म्हणजे ग्लोबल इंटरप्रिटर लॉक. ज्याला आम्ही सगळे गिल म्हणतो, तो पायथनच्या स्वतःच्या घरातील हिशेबासाठी होता. एखादी वस्तू मेमरीत किती ठिकाणांहून वापरात आहे याची मोजदाद भाषा आतल्या आत ठेवते, आणि दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये सोबतीने चालणाऱ्या कामाच्या दोन धाग्यांनी, ती मोजदाद एकाच क्षणी बदलली तर वापरातली वस्तूच पुसली जाण्याचा धोका असतो; म्हणून पायथनच्या आज्ञा एका वेळी एकाच थ्रेडने चालवायच्या, असा हा नियम. तुमच्या प्रोग्राममधली बेरीज बरोबर येईल, याची हमी त्यात कधीच नव्हती.

हे मी स्वतः हात पोळून शिकलो. लासलगाव परिसरातील एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यासाठी मी वजनांची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहिला होता. तेथे दोन भुईकाटे होते; प्रत्येक काट्यासाठी एक थ्रेड, आणि दिवसभराच्या एकूण वजनासाठी दोघांत मिळून एकच व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवण्याची नाव दिलेली जागा. एकूण वजन वाचायचे, पावती छापायची आणि नवी बेरीज लिहायची, असा मी लावलेला क्रम. छपाईसारख्या कामात प्रोग्राम थांबून राहतो तेव्हा गिल सोडला जातो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण ते लक्षात कोण ठेवतो? पहिल्या थ्रेडने ४१० क्विंटल वाचले, तो छपाईत गुंतला तेवढ्यात दुसऱ्यानेही ४१०च वाचले. पहिल्याने २४ मिळवून ४३४ लिहिले, दुसऱ्याने १९ मिळवून त्यावरच ४२९ लिहिले. २४ क्विंटल कांदा हिशेबातून नाहीसा झाला. शेतकऱ्यांच्या पावत्या अचूक होत्या, चुकली ती बेरीज, आणि ती पकडली दिवाणजींनी, रात्री पावत्यांची चळत घेऊन पेन्सिलीने. त्या वेळी गिल जागच्या जागी होता.

शिक्षकांची एक अडचणही सांगतो. दोन थ्रेडनी एकच आकडा लाखो वेळा एकेकाने वाढवायचा आणि शेवटी तो कमी भरतो हे दाखवायचे, हे वर्गातले जुने प्रात्यक्षिक. पायथन ३.१० पासून इंटरप्रिटर थ्रेड बदलण्याची संधी मोजक्याच ठिकाणी घेतो, त्यामुळे ते प्रात्यक्षिक आता बहुधा बरोबर उत्तर देते आणि मुले निर्धास्त होतात.

थ्रेडऐवजी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे प्रोग्राम, वापरले तर दुखणे उलटे आहे. प्रत्येक प्रोसेसची मेमरी स्वतंत्र असते, त्यामुळे मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूल वापरून मुलाने चार प्रोसेस सुरू केल्या, त्यांत ग्लोबल यादी भरली आणि मूळ प्रोग्राममध्ये ती रिकामीच निघाली, ही तक्रार मी दर सत्रात ऐकतो. क्यूमधून, म्हणजे एकाने टाकायचे आणि दुसऱ्याने उचलायचे अशा रांगेतून, डेटा पाठवला तर तो गाठोड्यासारखा बांधून पलीकडे पोचतो आणि तेथे उलगडून त्याची नवी प्रत तयार होते. मोठ्या यादीसाठी हा खर्च जाणवतो. हा खर्च टाळण्यासाठी ३.८ आवृत्तीपासून सामायिक मेमरीची सोय आहे, परंतु तेथे मिळतात ते नुसते बाइट, म्हणजे मेमरीचे कच्चे तुकडे. त्यांना लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच हात लावू देणारे कुलूप, नाही, आणि काम संपल्यावर ती जागा मोकळी करण्याची आठवण आपणच ठेवायची. याच मॉड्यूलमधील व्हॅल्यू या वस्तूला मात्र स्वतःचे लॉक असते. तरीही तिच्यात एक मिळवणे म्हणजे वाचणे आणि लिहिणे अशा दोन क्रिया होतात आणि ते लॉक दोन्ही क्रियांभोवती आपण होऊन धरावे लागते. येथे अनुभवी माणसेही फसतात.

पर्ल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेने २००२ मधील ५.८ आवृत्तीत दुसरा मार्ग धरला होता. नव्या थ्रेडला सगळ्या व्हेरिएबलची प्रत मिळे, आणि जे दोघांत सामायिक हवे ते तसे स्पष्ट लिहावे लागे. ही पद्धत मेमरीला जड होती, पण काय सामायिक आहे हे लिहिणाऱ्याला निदान विचारले जाई. पायथनचे थ्रेड तो प्रश्न विचारतच नाहीत.

खळ्यावरच्या प्रोग्राममध्ये मी आधी लॉक घातले, आणि नंतर रचनाच बदलली. आता काट्यांचे थ्रेड बेरजेला हात लावत नाहीत. ते फक्त वजन क्यूमध्ये टाकतात आणि तिसरा एकटा थ्रेड ते उचलून बेरीज करतो. दिवाणजींना हे समजावताना फार बोलावे लागले नाही, कारण त्यांच्या पेढीवर रोजकीर्द कायम एकाच माणसाच्या हातात राहिलेली आहे.

आपल्या लेखात एका खुलाशाची भर घालावी, ही विनंती. प्रोग्रामर सॅम ग्रॉस यांचा गिल काढण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये स्वीकारला गेला, ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये तो प्रायोगिक स्वरूपात आला आणि ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये त्याला अधिकृत पाठबळ मिळाले. पण गिल नसलेला पायथन हा अजूनही वेगळा बिल्ड, म्हणजे वेगळी तयार केलेली प्रत, आहे. नेहमीच्या पद्धतीने ३.१४ उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या संगणकावर गिल असतोच. वेगळा बिल्ड घेतला तरी, सी या भाषेत लिहिलेले एखादे जुने मॉड्यूल आपण त्यासाठी तयार असल्याचे जाहीर करत नसेल, तर ते इम्पोर्ट होताच इंटरप्रिटर इशारा देऊन गिल पुन्हा चालू करतो. लेख वाचून मोजमाप करायला बसलेल्या आणि वेग का वाढला नाही म्हणून गोंधळलेल्या दोन मुलांनी गेल्या आठवड्यातच मला हे विचारले.

आपला,
एक संगणक-शिक्षक, नाशिक