कामिनो पदयात्रा : सराव, बॅगा आणि शिक्के

सभासदांनो, नमस्कार. कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतची पायी तीर्थयात्रा. पोर्तुगालमधल्या पोर्तोहून सांतियागोला जाणाऱ्या तिच्या किनारी वाटेवर आपण बायोनापासून चालणार आहोत. त्यापुढच्या विगोपासून निघूनही यात्रा पुरी केल्याच्या प्रमाणपत्रापुरते १०० किलोमीटर भरतात. पण विगोपुढच्या रेडोंडेलानंतर वाट बरीचशी आतून जाते, समुद्र बघायचा तर बायोनाच बरं.

मोठ्या बॅगा गाडीने पुढच्या मुक्कामी जातील. सकाळी आठच्या आत खाली आणून ठेवा. पासपोर्ट, औषधं, पोंचो आणि शिक्क्यांची पुस्तिका मात्र पाठीवरच. चालल्याचा पुरावा म्हणून पुस्तिकेत रोज दोन शिक्के घ्या. चर्चमध्ये मिळतात, कॅफेतही मिळतात. दमलात तर गाडी आहेच, पण शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये गाडीत बसलात तर प्रमाणपत्र विसरा. आधीच सांगतोय, तिथं जाऊन रुसायचं नाही!

शेंगेन व्हिसाला (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा व्हिसा) किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. कागदपत्रं शुक्रवारपर्यंत द्या.

सरावाला रंकाळ्याची सपाट फेरी पुरणार नाही. रविवारी पहाटे साडेपाचला शिवाजी पुलावर जमायचं, तिथून पायी जोतिबा. प्रवासात वापरायचेच बूट घालून या. नवे बूट थेट स्पेनमध्ये वापरायला काढले की फोड ठरलेले. येताना एसटीने परतू. मिसळ ज्याची त्याने.