ऑल स्टारला विसरू नका

महोदय,

बास्केटबॉलच्या बुटांची चर्चा हल्ली थेट नायके कंपनीच्या एअर जॉर्डन बुटांपासून सुरू होते. त्यात कॉन्व्हर्स ऑल स्टार मागे पडतो, हा त्या बुटावर अन्याय आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्व्हर्स कंपनीने तो १९१७ मध्ये आणला. चक टेलर हा खेळाडू १९२० च्या दशकात तिथे विक्रेता झाला आणि अमेरिकाभर बास्केटबॉलची शिबिरे घेत बूट खपवत फिरला. घोट्यावरच्या गोल चिन्हातली सही त्याचीच. बास्केटबॉलपटू विल्ट चेम्बरलेनने १९६२ मध्ये एका सामन्यात १०० गुण केले, तेव्हा त्याच्या पायात हेच बूट होते.

वर कॅनव्हास, खाली व्हल्कनाइज केलेले, म्हणजे गंधक घालून तापवून टिकाऊ केलेले रबर, आतल्या बाजूला हवेसाठी दोन छिद्रे. तळ सपाट आणि गादी नावापुरती, म्हणून उडीचा हादरा सरळ टाचेला आणि गुडघ्याला बसतो. चामड्याचे बूट आले तसा ऑल स्टार मैदानाबाहेर गेला. मग रॉक वादकांनी आणि स्केटबोर्डवाल्यांनी तो उचलला. त्यांना तोच सपाट तळ हवा होता. कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, २००३ मध्ये नायकेने ती घेतली.

आजही हे बूट वापरणाऱ्यांनी ते ब्लीचमध्ये घालू नयेत, रबर पिवळे पडते. बोटांपाशी बूट सतत वाकतो, त्यामुळे रबरी पट्टी तिथेच आधी सुटते. उन्हात किंवा हीटरजवळ वाळवल्यास डिंक लवकर निकामी होतो. नाड्या काढून सौम्य साबणाने, मऊ ब्रशने हातानेच धुवावेत आणि आत कागद कोंबून सावलीत वाळवावेत.

– एक वाचक, पुणे