अंड्यातला पडदा आणि सशाचा डोळा

मा. संपादक,
स. न.

महाविद्यालयांत बेडकांचे विच्छेदन बंद झाले, ते योग्यच झाले. पण त्याबरोबर जिवंत काही निरखून पाहण्याची सवयही सुटली, याचे मला फार वाईट वाटते. कोंबडीच्या गर्भाच्या 24, 33, 48 आणि 72 तासांच्या तयार स्लाइड मी वर्षानुवर्षे दाखवल्या. मुलांनी आकृत्या काढल्या, जर्नलवर सह्या घेतल्या. त्या गर्भाचे धडधडते हृदय मात्र बहुतेकांनी पाहिलेच नाही. ती सवय परत लावणारा एक प्रयोग कोंबडीच्या अंड्यातच करता येतो, म्हणून हे पत्र.

माझी आजी खुडूक कोंबडी बसवली की आठवड्याभराने एकेक अंडे दाराच्या फटीतून येणाऱ्या कवडशापुढे धरायची. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर अंडे परत कोंबडीखाली, नाहीतर पोचट म्हणून बाजूला. कवचाला आतून लागून शिरांनी भरलेला जो पडदा वाढतो, त्याचे नाव कोरिओअॅलँटॉइक पडदा; संशोधक थोडक्यात ‘कॅम’ म्हणतात. गर्भ श्वास घेतो तो याच पडद्यातून. गर्भाची प्रतिकारशक्ती अजून पक्की झालेली नसल्यामुळे माणसाच्या कर्करोगाच्या पेशीही या पडद्यावर रुजतात आणि आसपासच्या शिरा आपल्याकडे ओढून घेतात. एखादे औषध ही ओढ थांबवते का, हे कवचाला पाडलेल्या छोट्या खिडकीतून दिसते.

हे काही नवे खूळ नाही. पेटन राऊस आणि जेम्स मर्फी यांनी 1911 साली कोंबडीच्या कर्करोगाच्या गाठीची वाढ गर्भ असलेल्या अंड्यात करून दाखवली. 1931 मध्ये अॅलिस वुडरफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी या पडद्यावर कोंबड्यांच्या देवीचा विषाणू वाढवला. पुढे माणसाच्या अंगावरचे फोड देवीचे की कांजिण्यांचे, हा जीवनमरणाचा प्रश्न याच पडद्यावर सुटू लागला. देवीचा विषाणू त्यावर बारीक पांढरे ठिपके उठवतो, कांजिण्यांचा तिथे वाढतच नाही.

माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून आहे तो सशाचा डोळा. एखादा पदार्थ डोळ्याला झोंबतो का हे पाहण्यासाठी तो सशाच्या डोळ्यात घालायची पद्धत 1944 पासून रूढ झाली. त्याऐवजी नऊ दिवसांच्या अंड्याच्या पडद्यावर तोच पदार्थ ठेवून पाच मिनिटे शिरांकडे पाहायचे: रक्त झिरपते का, शिरा विरतात का, रक्त साखळते का. सगळ्या प्रश्नांची उत्तरे यातून मिळत नाहीत, पण कित्येक सशांचे हाल वाचू शकतात.

पडद्यावर औषध लावून शिरांचे काय होते हे पाहण्याचा प्रयोग आमच्याकडे करू पाहिला तेव्हा पहिल्या खेपेला एका विद्यार्थ्याने किराणा दुकानातली अंडी आणली. ती फलित नसतात, त्यांत काय वाढणार? मग हॅचरीतून आणली. नवव्या दिवशी रात्रभर वीज गेली आणि दोन डझन अंडी गेली. तिसऱ्या खेपेला औषध लावलेल्या जागी शिरा दाट दिसल्या, वर्गात आनंदीआनंद झाला. नंतर लक्षात आले की खिडकी कापताना कवचाचा भुगा पडद्यावर पडला होता आणि शिरा त्या दाहाने वाढल्या होत्या. औषध न लावलेल्या अंड्यांची तुलना का हवी, हे त्या मुलांना पुन्हा कधी सांगावे लागले नाही.

अंड्यावरचा प्रयोग म्हणजे जिवावरचा प्रयोग नव्हे, असे मात्र कोणी मुलांना सांगू नये. तो गर्भ जिवंत असतो. पिल्लू 21 दिवसांनी बाहेर येते. ब्रिटनमध्ये उबवणीच्या शेवटच्या तिसऱ्या भागातील पक्ष्याच्या गर्भालाही कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या महाविद्यालयांनी चौदावा दिवस उजाडण्याआधीच प्रयोग संपवण्याचा नियम स्वतःहून घालून घ्यावा आणि गरजेपेक्षा एकही अंडे जास्त उबवू नये.

राज्यात हॅचरींना तोटा नाही. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी पदवीच्या शेवटच्या वर्षाला हा एक प्रयोग ठेवावा आणि त्यासाठी इन्क्युबेटरबरोबर इन्व्हर्टरचीही तरतूद करावी, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रातून पोहोचावी. आणि प्रत्येक अंड्यावर ते उबवायला ठेवल्याची तारीख विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने पेन्सिलीने लिहावी.

आपली,
एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका, कराड