खिडकीला सोलापुरी चादर

बर्लिन, १९ एप्रिल २०२६

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. चिऊ झोपते तेव्हा इथे साडेआठ वाजलेले असतात आणि तुमच्याकडे मध्यरात्र, म्हणून हा कागद-पेनाचा खटाटोप. मार्चअखेरीस इथली घड्याळं तासभर पुढे गेली, आपल्यातला फरक साडेतीन तासांवर आला. पण आठ वाजले तरी बाहेर उजेड, त्यामुळे बाईसाहेब टक्क जाग्या. शेवटी तू दिलेली सोलापुरी चादर कपड्यांच्या चिमट्यांनी पडद्याच्या दांडीला लटकवली. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना वाटत असेल, हिने दुकान थाटलं.

आता एक लपवलेली गोष्ट सांगते. ईस्टरच्या रविवारी रात्री चिऊला ३९.४ ताप होता. इथे त्या सुट्टीत शुक्रवार, रविवार, सोमवार सगळं बंद, आमच्या डॉक्टरांचा दवाखानाही. मग ११६११७ लावला, अवेळी डॉक्टर हवा असला की करायचा नंबर. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनवर पलीकडची बाई शांतपणे एकेक विचारत गेली : दूध पितेय का, डायपर ओले होताहेत का, हाक मारली की बघते का? बघत होती. मग तापाचं औषध द्या आणि लक्ष ठेवा, म्हणाली. रात्रभर तिला छातीवर घेऊन बसले. हनुवटीखाली तिची टाळू, गरम आणि भराभर उडणारी. मी ते ठोके मोजत होते, आणि मोजणं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

सोमवारी तू व्हिडिओ कॉल केलास तेव्हा "झोपलीये" म्हणून मी मोबाइल भिंतीकडे वळवला होता. ती झोपली नव्हती, माझ्या मांडीवर होती. तुझे व्हिसाचे नव्वद दिवस नोव्हेंबरातच संपलेले. तू तिथे देवापुढे बसून काय केलं असतंस? बुधवारी ताप उतरला आणि अंगभर गुलाबी पुरळ उठलं. मी हादरलेच. डॉक्टर मात्र हसल्या. इथे याला 'तीन दिवसांचा ताप' असंच म्हणतात, पुरळ आलं म्हणजे सुटलात. निखिल तिकडे अण्णांच्या उशाशी, बायपास नुकतीच झालेली, त्यालाही नंतरच सांगितलं. चिडला. तूही चीड.

कामाला मी पुरते गं. तेल, आंघोळ, मऊ भात, सगळं एकटीने जमतं. (खोबरेल अजून गोठतं, बाटली हीटरवर ठेवते.) पण तिला निजवून मी पाय न वाजवता बाहेर येते, तेव्हा "झोपली का?" एवढं हळूच विचारणारं कोणी नसतं. तू होतीस तेव्हा रोज विचारायचीस आणि मी वैतागायचे.

माणसं वाईट नाहीत इथली. परवा स्टेशनातली लिफ्ट बंद, वर जायला फक्त जिना. मानेपर्यंत गोंदवून घेतलेला एक पोरगा आला, काही न बोलता बाबागाडीची पुढची बाजू उचलली, वर नेऊन ठेवली आणि निघून गेला. आभार मानायलाही थांबला नाही. दर वेळी कोणीतरी असं येतंच. बोलत मात्र कोणी नाही.

आज बोर्नहोल्मर पुलापाशी गेलो होतो. १९८९ साली भिंतीचं फाटक पहिल्यांदा उघडलं ते तिथेच. भिंतीच्या मोकळ्या पट्ट्यात जपानी लोकांनी भेट दिलेली चेरीची झाडं आहेत, सध्या नुसती गुलाबी. सगळे फोटो काढत होते. चिऊने गाडीत पडलेली पाकळी तोंडात घातली. बोट घालून काढली, तर दुसरी.

बाबांना सांग, पैशांची काळजी करू नका. बाळासाठी घरी आहे तोवर सरकारकडून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६५ टक्के मिळतात, जास्तीत जास्त १८०० युरो. भाडं भागतं.

निखिल २८ला निघतोय. त्याच्याबरोबर मेतकूट आणि ओवा पाठव. ओवा पोटासाठी हं! धुरी नाही करणार. मागच्या वेळी तू केलीस तेव्हा छतावरचा अलार्म बोंबलला आणि खालचे काका पायजम्यावर धावत आले होते. ते अजून जिन्यात भेटले की नाक वर करून वास घेतात.

तुझी,
मनू