हरकती मागवता, मग उत्तरही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परळच्या एका मराठी शाळेत मी ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. अभ्यासक्रम बदलताना लोकांकडून हरकती-सूचना मागवतात, हे चांगलंच आहे. पण त्यांचं पुढे काय होतं?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला! विषय थेट विधानसभेत गेला. वर्गात काय होतं ते मी सांगते. 'पंचवीस' म्हटलं की कानावर आधी पाच पडतो, मग वीस. मूल ऐकल्याप्रमाणे लिहितं, ५२. मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून ठेवत असे. एकदा दोन गठ्ठे माझ्या हातात, पाच सुट्या काड्या मुलाच्या मुठीत, आणि तरी त्याच्या पाटीवर ५२च. पुसून पुसून पाटी ओली झाली होती, पोर रडवेलं झालं होतं. 'वीस एक' माझ्याही कानाला खटकलं होतं, ते मी लपवत नाही. पण ते का आणलं, हे दुसरीच्या बाईंना विचारायचं कुणाला सुचलं नाही.

२०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत वह्यांची कोरी पानं घातली. मुलं तरीही वेगळ्या वह्या आणतच राहिली. दप्तर होतं तेवढंच जड. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने ती योजना गुंडाळली. मुलांची दप्तरं रोज उघडणाऱ्या बाईंनी हे पहिल्या महिन्यातच सांगितलं असतं.

राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला मे २०२४ मध्ये, आणि हरकतींची मुदत ३ जूनपर्यंत. शाळांना सुट्टी, निम्मी मुंबई गावाला. २० मे रोजी मुंबईत मतदान, ४ जूनला मतमोजणी. कितीतरी शिक्षक निवडणुकीच्या कामाला जुंपलेले. एवढा जाडजूड मसुदा शांतपणे वाचायचा कधी?

पहिलीपासून हिंदीचे दोन्ही जीआर २९ जून २०२५ रोजी मागे घेतले, तेही ५ जुलैच्या मोर्चाची हाक दिल्यावर. निर्णय मागे घेतला याचा आनंद आहे, पण दरवेळी रस्त्यावर उतरायची पाळी का यावी?

माझ्या एका मैत्रिणीने मागे एका मसुद्यावर चार पानी सूचना हाताने लिहून पाठवली होती. साधी पोचही आली नाही. मुंबईच्या विकास आराखड्यावर हरकत घेतली की सुनावणीला बोलावतात. शाळेच्या पुस्तकाला तेवढाही मान नाही का? कोणती सूचना आली, स्वीकारली की नाही, आणि नाही तर का, एवढं मराठीत जाहीर करा. शाळा सुरू असताना निदान दोन महिने मुदत द्या. आणि पहिली-दुसरीच्या प्रत्येक पुस्तकाचा मसुदा छापण्याआधी शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, लालबाग, मुंबई