खाऱ्या टाकीचे पाणी मोजण्याआधी मोजमाप तपासावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांच्या हट्टापायी घरात माशांची टाकी येते. अलीकडे माझ्या ओळखीच्या काही घरांत ही टाकी गप्पी किंवा गोल्डफिशची नसून ३०-४० लिटरची, खाऱ्या पाण्याची आणि क्लाउनफिशची आहे. हौस चांगलीच आहे. परंतु यांपैकी बहुतेकांना मासे, दिवे, खडक असे सारे काही मिळाले आणि पाण्याचा खारेपणा कसा मोजावा, तो बिघडल्यास पूर्ववत कसा करावा हे मात्र कोणी सांगितले नाही. त्याची किंमत मुक्या जिवांना मोजावी लागते, म्हणून हे पत्र.

माझ्या स्वतःच्या ४० लिटरच्या टाकीत हेच घडले. टाकी घेतली तेव्हा दुकानदाराने प्लॅस्टिकचा, आत हलता काटा असलेला हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या घनतेवरून खारेपणा सांगणारे साधन, दिला होता. दीड महिन्याने त्यावर विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता; मीठ वाढले की हा आकडा वाढतो) १.०२२ दिसू लागले, ते १.०२६ असायला हवे हे वाचून ठाऊक होते, म्हणून मी दोन दिवसांत जवळजवळ २०० ग्रॅम सागरी मीठ विरघळवून टाकीत घातले. तिसऱ्या दिवशी कोळंबी मेली आणि गोगलगायींनी शंखाची तोंडे मिटून घेतली. एका परिचितांच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणाऱ्या उपकरणावर) पाणी तपासले, तर खारेपणा दर हजार भागांस ४० भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०३० भरले. काट्यावर मिठाचा थर साचून तो जड झाला होता आणि त्यामुळे कमी आकडा दाखवत होता. पाणी मुळात ठीक होते. ते मी माझ्या हाताने बिघडवले. त्याच काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर तो उचलला जाऊन उलट जास्त आकडा दाखवतो, हेही मला नंतर कळले. असा हायड्रोमीटर वापरणाऱ्यांनी तो प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवावा आणि वाचन घेण्यापूर्वी हलकेच टिचकी मारून बुडबुडे घालवावेत.

समुद्राच्या पाण्याचा खारेपणा याच मापाने, म्हणजे दर हजार भागांस, साधारण ३५ असतो आणि समुद्रात तो दिवसागणिक फारसा हलत नाही. मासे समुद्राचे पाणी पिऊन जास्तीचे क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे थोडाफार फरक ते सोसतात. कोळंबी, गोगलगाय, तारामासा यांच्या अंगातले पाणी मात्र बहुतांशी बाहेरच्या पाण्याइतकेच खारे राहते, आणि म्हणून अचानक झालेला बदल आधी त्यांच्याच जिवावर बेततो.

नाशिकच्या हवेत हा प्रश्न अधिक बिकट होतो. एप्रिल-मेमधील कोरड्या उन्हात, त्यात टाकीवर पंखा लावलेला असेल तर, लहान टाकीतून दिवसाला लिटरभर पाणी सहज उडून जाते. उडते ते केवळ पाणी; मीठ मागेच राहते. ४० लिटरमधून एक लिटर गेले की ३५ चा खारेपणा एका दिवसात जवळजवळ ३६ होतो. ही तूट खारे पाणी घालून भरणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे. टाकीच्या काचेवर पातळीची खूण करावी आणि रोज त्या खुणेपर्यंत आरओचे गोडे पाणी घालावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते थेट घालू नये. पावसाळ्यात बाष्पीभवन एकदम मंदावते, म्हणून उन्हाळ्यातले माप जुलैत चालत नाही. खुणेकडे पाहूनच पाणी घालावे.

रिफ्रॅक्टोमीटर घेतला म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. बहुतेक जण तो शुद्ध पाण्यावर शून्याला लावतात. तेवढ्याने भागत नाही, कारण स्वस्त उपकरणांची पट्टी पुष्कळदा साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते आणि समुद्राच्या ३५ च्या पाण्याला ती ३६.५ दाखवते. यासाठी ३५ चे तपासणी द्रावण मिळते. ते नसल्यास ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवावे आणि त्या द्रावणाच्या थेंबावर उपकरण ३५ ला लावावे. हे द्रावण फक्त तपासणीचे आहे, टाकीत घालायचे नव्हे. टाकीला कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेले सागरी मीठच लागते. ते साधारण लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम या मापाने वेगळ्या बादलीत, पंप लावून, एक दिवस फिरू द्यावे आणि पाणी टाकीच्याच तापमानाला आल्यावर मोजावे. आपल्याकडच्या जानेवारीतल्या थंडीत गार बादलीतले पाणी हायड्रोमीटरवर मोजले, तर आकडा खऱ्याहून जास्त येतो.

बिघडलेला खारेपणा हळूहळूच सुधारावा. ४० वरून ३५ वर यायचे, तर ४० लिटरमधले एकूण ५ लिटर पाणी काढून तेवढेच गोडे पाणी घालावे लागते. मी ते रोज सव्वा लिटर याप्रमाणे चार दिवसांत केले आणि उरलेल्या गोगलगायी वाचल्या. खारेपणा कमी पडला असेल, तर उडालेल्या पाण्याच्या जागी काही दिवस गोड्याऐवजी खारे पाणी घालावे. जिवंत प्राणी असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये.

शहरातील विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, पहिला मासा देण्यापूर्वी त्यांनी गिऱ्हाइकाच्या टाकीतले पाणी स्वतःच्या तपासलेल्या उपकरणावर मोजावे, तो आकडा पावतीवर लिहावा आणि मोजमापाच्या साधनासोबत तपासणी द्रावणाची बाटलीही द्यावी. ज्यांच्या घरी टाकी आधीच आहे, त्यांनी पुढचे चमचाभर मीठ विरघळवण्यापूर्वी तेच पाणी दुसऱ्या एखाद्या उपकरणावर मोजून पाहावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक