ग्रीकच्या बाईंना जाहीर पत्र

आदरणीय बाई,

सलाम.

शाल-श्रीफळ तुम्ही घेणार नाही. मुख्याध्यापकांनी नुसता विषय काढला, तर ‘त्या पैशांत मुलांना वह्या घ्या’ म्हणून तुम्ही मोकळ्या झालात. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर. म्हणजे परत करायची सोय नाही.

पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या सेमिनरीतून निवृत्त झालेलं माणूस आमच्या मराठी माध्यमाच्या मिशन शाळेत येतं आणि आठवी-नववीच्या मुलांना बायबलमधल्या नव्या कराराची ग्रीक शिकवते म्हणतं, तेव्हा स्टाफरूममध्ये काय बोललं गेलं असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. ग्रीक शिकायची ती पाळक होणाऱ्यांनी, तीही रडतखडत, असाच आपल्या चर्चच्या मंडळ्यांमधला समज. पालकांचा प्रश्न त्याहून सरळ होता: दहावीला याचे मार्क मिळतात का? तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि वर्ग सुरू केलात.

मी संस्कृत शिकवतो, म्हणून कुतूहलापोटी मागच्या बाकावर येऊन बसायचो. मला वाटलं होतं, इंग्रजी पुस्तकं निघतील आणि निम्मा वर्ग तिथेच गळेल. तुम्ही इंग्रजी मध्ये येऊच दिली नाहीत. पाय, थीटा, डेल्टा मुलांना गणितातून ओळखीचे होते, तिथून चोवीस अक्षरं पुरी झाली. थीटा, फी, खी यांना थ, फ, ख तयारच होते. शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा वेगळा काढायचा, याची तर मुलांना गंमत वाटली.

मग लिंगं. तीन लिंगांचं मराठी मुलांना काय कौतुक! पण ग्रीकमध्ये नामाआधी पुल्लिंगी ‘हो’, स्त्रीलिंगी ‘हे’ आणि नपुंसकलिंगी ‘तो’ लागतं, हे तुम्ही फळ्यावर लिहिलंत आणि वर्गात हसू फुटलं. आपला ‘तो’ तिकडे ‘ते’, आपलं ‘हे’ तिकडे ‘ही’! तुम्हीही हसलात, आणि मग आठवडाभर तेवढंच घोटून घेतलंत. विभक्तीसाठी तर तुम्हाला फार बोलावंच लागलं नाही. ‘मांजराने उंदीर पकडला’ आणि ‘उंदीर मांजराने पकडला’ यात पकडणारं कोण, हे जागेवरून नाही, प्रत्ययावरून कळतं, एवढं एका मुलीकडून वदवून घेतलंत आणि थेट योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीवर गेलात. ‘थेओस एन हो लोगोस’ (शब्द देव होता) यात ‘थेओस’ म्हणजे देव आधी आला तरी वाक्याचा कर्ता ‘लोगोस’ म्हणजे शब्द आहे, कारण ‘हो’ त्याच्याआधी उभं आहे. सेमिनरीत ज्यावर तास खर्ची पडतात ते नववीच्या पोरांनी सहज मान्य केलं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही जागा इतकी सोपी जात नसणार, असं माझं आपलं मत.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते ‘लुओ’साठी. लुओ, लुएइस, लुएइ. ‘सोडणे’ हे क्रियापद बहुतेक ग्रीक व्याकरणांत नमुना म्हणून चालवायला देतात. मुलं ते इतकं घोकत की मधल्या सुट्टीत डबे ‘लुओ’ व्हायचे. का घोकतोय, हे तुम्ही सांगितलं नाहीत. झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) आधी मार्कच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय समोर ठेवलात. शिंगरू बांधलेलं आहे. येशू म्हणतो, सोडा (लुसाते). शिष्य ते सोडतात (लुऊसिन). उभे असलेले लोक विचारतात, शिंगरू सोडून काय करताय (लुओन्तेस)? चार वचनांत तीन रूपं, आणि तीनही मुलांनी स्वतः हेरली. मधलं रूप वर्तमानकाळी का, असं एकाने विचारलं, तर शेजारचा म्हणाला, ‘माझी आजी गोष्ट अशीच सांगते, मग तो जातो, बघतो तर काय.’ मार्क खरोखरच तसाच सांगतो. मी मात्र ‘लुओन्तेस’वर अडकलो होतो, कारण मला त्याच्या शेपटीत संस्कृतातलं ‘गच्छन्तः’ (जाणारे) दिसत होतं. त्या दिवसापासून माझ्या संस्कृतच्या तासालाही मुलं ग्रीक काढतात. हे उपकार की त्रास, अजून ठरवलेलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर मुलांकडून ग्रीकमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणवून घ्यावी, अशी टूम निघाली होती. तुम्ही नको म्हणालात. पाठ करून म्हणता येते म्हणजे वाचता येते असं नाही, एवढंच कारण दिलंत. काहींना राग आला. मला मात्र आपल्या घराघरांतून फोटो लावलेल्या पंडिता रमाबाई आठवल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून या बाईने अख्खं पवित्र शास्त्र (बायबल) मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून. फोटोला हार घालणं सोपं आहे. रूपं घोकत बसायला कुणी सांगत नाही, तुम्ही सांगितलंत.

काही मुलं मध्येच सोडून गेली, त्यांना तुम्ही एका शब्दाने टोचलं नाहीत, त्याबद्दलही आभार. त्यातला एक परवा मला विचारत होता, पुन्हा बसलं तर चालेल का. चालेल असं मी परस्पर सांगून टाकलंय.

जूनचं वेळापत्रक लागतंय. शेवटचा तास तुमच्या नावावर ठेवून घेतला आहे. गुडघ्यामुळे जिना नको म्हणत होतात, म्हणून वर्ग खाली, ग्रंथालयाशेजारच्या खोलीत घेऊ. फळा तिथे लहान आहे, तेवढं चालवून घ्या.

आपला,
मागच्या बाकावरचा संस्कृत शिक्षक